बोटीवर नेट नव्हतं

दोंडाईच्यात स्टेशनकडून बाजार समितीकडे यायला लागलं की डाव्या हाताला अमृतचं कृषी सेवा केंद्र लागतं. त्याला लागून माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. मधली भिंत एकच, आणि उन्हाळ्यात पाण्याचा माठही दोघांत एकच. अमृतचं पुष्कळसं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. उरलेलं त्याने स्वतः सांगितलं, पण एका बैठकीत नाही. कधी गिऱ्हाईक नसताना, कधी शटर ओढता ओढता, आणि बहुतेक वेळा माझ्याकडे न बघता.

अमृतचं गाव इथून जवळच आहे. तो अंगणात रांगत होता तेव्हाच बाप गेला. आई तानुबाई मिरचीच्या पथारीवर देठं खुडायला जायची. वाळत घातलेल्या मिरचीत दिवसभर बसून बोटांची आग व्हायची, मग घरी आल्यावर ती ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसायची आणि पोरांना सांगायची, "आज माले खावाड रे कोन्हीतरी." थोरला पुना तिला भरवायचा. हाच पुना पुढे शाळा सोडून शेतीला लागला आणि धाकट्या अमृतने शेतकीचा डिप्लोमा केला. एकाने शिकायचं आणि एकाने नांगर धरायचा, हे घरात कोणी बोलून ठरवलं नव्हतं. पण झालं तसंच.

अमृत स्वभावाने गरीब. गरीब म्हणजे भोळा म्हणत नाही मी. त्याला पिकातलं कळायचं, माणूस ओळखता यायचा. पण समोरच्याच्या आवाजात जोर असला की त्याचा स्वतःचा आवाज आपोआप खाली यायचा. दुकानाच्या पाटीला त्याला हिरवा रंग हवा होता. प्रेमराज शेठ म्हणाले, "लाल दे, लांबून दिसतो." पाटी लाल झाली. मी विचारलं तर हसून म्हणाला, "शेठ म्हणतात ना."

प्रेमराज शेठ धुळ्याचे. एका बियाण्या-औषधाच्या कंपनीचे जिल्ह्याचे वितरक. अमृतला दुकानाचा परवाना काढायला, पहिली एजन्सी मिळायला त्यांनीच हात दिला होता. चार लोकांत त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणायचे, "हा आपला माणूस." आणि अमृत त्या हाताखाली थोडा वाकून उभा राहायचा.

त्या साली कंपनीने डीलर लोकांसाठी योजना काढली. पिकावर फवारायचं नवीन टॉनिक आलं होतं. ठरलेल्या पेट्या खपवल्या की व्हिएतनामची सहल. अमृत कधी विमानात बसला नव्हता. त्याने जीव तोडून माल विकला. कपाशीला गरज असो-नसो, गिऱ्हाइकाच्या पिशवीत एक बाटली जायचीच. पुना खत घ्यायला आला तेव्हा त्याच्याही ट्रॅक्टरमध्ये एक पेटी चढली. पुना म्हणाला, "हाई काय शे?" अमृत म्हणाला, "चांगलं शे भाऊ, मारी दखा." पुनाने भावाच्या शब्दावर फवारलं. कपाशीत काही फरक पडला नाही. अमृतचं नाव मात्र सहलीच्या यादीत लागलं.

जायच्या आधीच्या रविवारी त्याची मुलगी कामिनी जळगावहून आली. ती तिथे इंजिनिअरिंगला, पिंप्राळ्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. बापाला परदेशात नेट मिळावं म्हणून तिने ई-सिम घेतलं होतं. तानुबाईही मुलगा विमानात बसणार म्हणून गावाहून येऊन बसली होती.

कामिनीने आधी बापाच्या फोनमध्ये ई-सिम चालतं का ते तपासलं. मग स्वतःच्या फोनवर आलेला क्यूआर कोड त्याच्या फोनसमोर धरला. फोनने जरा वेळ घेतला आणि पडद्यावर दुसरी लाइन उमटली. तिला कामिनीने 'व्हिएतनाम' नाव दिलं. तानुबाई वाकून बघत होती.

"शिम कथं टाकं वं? माले ते दिसनं नही."

"आजी, ते दिसतच नाही. नुसतं आत उतरतं."

"जे दिसत नही ते काय कामनं?" तानुबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

कामिनीने बापाला जवळ बसवून समजावलं. "पप्पा, तुमचं नेहमीचं सिम तसंच राहील, पण तिकडे त्याला रेंज नसेल. त्यावर फोन येणार नाहीत. विमानातून उतरल्यावर एवढंच करायचं. मोबाइल डेटाला ही 'व्हिएतनाम' लाइन निवडायची आणि हिचं डेटा रोमिंग चालू करायचं. फक्त हिचं. बस. मग व्हॉट्सॲप इथल्यासारखंच चालेल."

"रोमिंग चालू केलं की बिल येतं म्हणतात."

"ते आपल्या सिमचं. हिचं नाही येत. हिचे पैसे आधीच भरलेत."

अमृतने मान हलवली. पण रोमिंग या शब्दाला तो घाबरत होता, हे त्यानेच मला पुढे सांगितलं. कुणा डीलरला म्हणे दुबईत भलंमोठं बिल आलं होतं.

तानुबाईचं लक्ष तिसरीकडेच होतं. "तठे समुद्र शे म्हणतस. समुद्र कसा ऱ्हास रे भो? माले फोनमा दखाडजो." तिचं सगळं आयुष्य तापीच्या अलीकडे गेलं होतं. अमृत म्हणाला, "दखाडसू माय. बोटवर बसनू का लगेच फोन लावसू."

हनोईच्या विमानतळावर उतरल्यावर अमृतने फोन काढला. लाइन निवडली. डेटा रोमिंगच्या बटणापाशी बोट थांबलं. नेट काही येईना. शेजारी प्रेमराज शेठ होते. त्यांनी विमानतळावरच तिथलं सिम विकत घेतलं होतं.

"काय झालं?"

"पोरीने ई-सिम टाकलंय. चालू होत नाही. रोमिंग चालू करायचं म्हणते."

"रोमिंग? येडा झाला का? गावी जाऊन दुकान विकशील. दे इकडे."

अमृतने फोन दिला. शेठनी चष्मा कपाळावर चढवून इथे दाबलं, तिथे दाबलं. रांग पुढे सरकत होती, टूरवाला हाका मारत होता. फोनने काहीतरी विचारलं, शेठनी 'हो' केलं. "जाऊ दे, ही भानगडच काढून टाकली. माझं आहे ना नेट. मी हॉटस्पॉट देतो. तू काय परका आहे?"

संध्याकाळी हॉटेलच्या वायफायवर अमृतने कामिनीला फोन केला. तिने फोनचा पडदा दाखवायला लावला आणि कपाळाला हात लावला.

"पप्पा, लाइन डिलीट झाली. तोच क्यूआर आता परत चालत नाही. थांबा, मी नवीन घेऊन पाठवते. दहा मिनिटांचं काम आहे."

"राहू दे गं. शेठचं आहे ना. आणि हॉटेलात तर वायफाय आहेच."

"पप्पा, तुमचं तुमच्याकडे असलेलं बरं."

"राहू दे म्हटलं ना. उगाच."

तिने दोनदा म्हटलं होतं. हे सांगताना अमृत दरवेळी थांबायचा. "दोनदा म्हणाली ती," असं म्हणायचा आणि पुढचं वाक्य विसरायचा.

हनोईतले दिवस चांगले गेले. सकाळी नाश्त्याच्या आधी तो हॉटेलातून व्हिडिओ कॉल लावायचा. ज्योती, त्याची बायको, सासूला भेटायला गावी गेली होती. ती फोन तानुबाईच्या तोंडासमोर धरायची. तानुबाईला पडद्याकडे बघावं की कानाला लावावं ते कळायचं नाही. तिला एवढंच हवं असायचं, "जेवना का रे? काय खादं?" अमृतने तिला रस्त्यावरच्या मोटरसायकली दाखवल्या. तिला धुळं आठवलं. म्हणाली, "आपला धुयासारखंच शे की." शेवटचं बोलणं ते.

मग ते लोक समुद्रात गेले. मोठी बोट, तिच्यातच खोल्या, एक रात्र तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी परत येऊन थेट विमानतळ. बोटीवर वायफाय होतं म्हणे, पण ते नावापुरतं. ज्यांच्याकडे तिथलं सिम किंवा ई-सिम होतं, त्यांचं नेट मात्र नीट चालत होतं. चहूकडे पाणी आणि पाण्यातून वर आलेले डोंगर. अमृत रेलिंगला टेकून उभा राहिला. त्याला वाटलं, आता दाखवावं. तो शेठकडे गेला.

"शेठ, जरा हॉटस्पॉट द्या ना. मायला समुद्र दाखवायचा आहे."

शेठ फोनवर बोलत होते. त्यांनी हात वर करून थांब म्हटलं आणि बोलत बोलत बोटीच्या मागच्या बाजूला गेले. बऱ्याच वेळाने आले. चेहरा उतरला होता. म्हणाले, "नेट संपलं रे माझं."

"आताच तर बोलत होते."

"बोलता बोलताच संपलं. उतरल्यावर बघू."

तो फोन पुनाचा होता.

त्या दिवशी सकाळी तानुबाई ओट्यावर बसली होती, तिथेच कलंडली. दोंडाईच्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पुनाने अमृतला फोन लावला, संपर्काबाहेर. ज्योतीने व्हॉट्सॲपवर लिहिलं, एकच टिक. आमच्याकडे रीत अशी की बापाला थोरल्याने आग द्यायची आणि आईला धाकट्याने. धाकटा समुद्रात. शेवटी ज्योतीने प्रेमराज शेठचा नंबर शोधून दिला आणि पुनाने त्यांना व्हॉट्सॲपवरून फोन केला. शेठ म्हणाले, "सांगतो लगेच, तुमचा फोन येतोच आता." पुना अंगणात फोन हातात धरून बसून राहिला. फोन आला नाही. त्याने परत लावला. शेठ म्हणाले, "सांगितलं त्याला. फार रडतोय. पण इथून तिकीट मिळत नाही. म्हणतो, तुम्ही उरकून घ्या." पुनाने विचारलं, उद्यापर्यंत ठेवू का, धुळ्याला बर्फात ठेवायची सोय होते. शेठ म्हणाले, "नको. तोच नको म्हणतो."

दिवस मावळायच्या आत पुनाने आईला आग दिली.

त्याच संध्याकाळी बोटीवर कंपनीचा कार्यक्रम होता. जेवण, गाणी, बक्षिसं. विभागातला पहिल्या नंबरचा वितरक म्हणून प्रेमराज शेठचा सत्कार झाला. त्यांनी भाषणात अमृतला स्टेजवर बोलावलं, "माझा उजवा हात" म्हणून मिठी मारली. नंतर लोक नाचायला उठले तेव्हा अमृतही उठला. त्याला नाचता येत नाही, दोन्ही हात वर करून तो नुसता उड्या मारत होता. कंपनीच्या कुठल्याशा पोराने ते सगळं चित्रित केलं आणि डीलर लोकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते दोंडाईच्यात आलं. मी ते बघितलं तेव्हा नुकताच स्मशानातून परतलो होतो, डोक्यावरून पाणीही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अमृतला सगळे फार प्रेमाने वागवत होते. बसमध्ये कोणीतरी स्वतः उठून त्याला खिडकीची जागा दिली. कोणी त्याच्यासाठी नारळपाणी आणलं. साक्रीचा जितेंद्र, जो त्याच्याच खोलीत होता, त्याने त्याची बॅग उचलली. अमृतला वाटलं, आपण स्टेजवर गेलो म्हणून असेल. तो मनातून सुखावला होता. हे त्याने मला सांगितलं, आणि सांगताना आपल्याच गालावर हळूच एक चापट मारून घेतली.

विमानतळावर त्याने कामिनीसाठी एक हातपंखा घेतला, आणि आईसाठी एक शाल.

मुंबईला उतरल्यावर त्याच्या नेहमीच्या सिमला रेंज आली. फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. आधी ज्योतीचे निरोप: 'फोन लावा', 'आई पडल्या', 'कुठे आहात', 'आई गेल्या'. मग कामिनीचे. मग गावातल्या, बाजारातल्या, नात्यातल्या लोकांचे. भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, फुलं, दिवा. तो सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून वाचत होता. बॅग त्याच्यासमोरून गोल फिरून गेली, परत आली, परत गेली. प्रेमराज शेठनी मागून खांद्यावर हात ठेवला.

"घट्ट हो अमृत. मला कळलं होतं. पण तुला सांगून काय केलं असतं?"

अमृतला तेव्हा त्यातलं काहीच कळलं नाही. आई गेली एवढंच कळलं होतं. त्याने शेठच्याच छातीवर डोकं ठेवलं आणि तिथेच रडला. पुढे त्याला याचीच सगळ्यात जास्त चीड यायची.

गावी पोचला तेव्हा पुना ओट्यावर बसला होता. अमृतने पायातल्या चपला काढल्या आणि थांबला, कारण पुना उठला नाही.

"वना का? झायं का फिरनं?"

"भाऊ, माले कोन्ही सांगंच नही."

"खोटं बोलू नको. शेठले मी सोता फोन करा. तूच म्हना ना, उरकी ल्या म्हनीसन? ठेवूत का इचारं, तर नको म्हना ना तू?"

"मी नही म्हनू भाऊ. मायनी आन."

"मायनं नाव लेऊ नको." पुनाचा आवाज चढला नाही. "मना कापूसवर त्या बाटल्या मारी मारी तू इमानमा बसना. आनि मायले आग देवाले तुले टाईम नही. नाचाले टाईम शे. बठ्ठा गावनी दखं तुले."

पुनाची बायको सुमनबाई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. अमृतच्या हातात शालीची पिशवी होती. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना, म्हणून ती घेऊनच तो गोठ्यात जाऊन बसला.

दहावा झाला. दोन्ही भावांनी केस उतरवले, एकमेकांशेजारी बसून पिंड दिले, आणि एक शब्द बोलले नाहीत. दहाव्याला प्रेमराज शेठ येणार होते, यायला हवे होते. त्यांच्या ऑफिसातला एक माणूस मोठा हार घेऊन आला, हात जोडले आणि गाडी बाहेर चालूच असल्यासारखा निघून गेला.

सुतक फिटल्यावर अमृत धुळ्याला गेला. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. शेठनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"बोल अमृत. शिव्या दे मला. तुझा हक्क आहे."

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"आता तूच विचार कर. भर समुद्रात होतो आपण. बोट दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागणार. ग्रुपचं तिकीट, एकट्याला बदलून मिळत नाही. पोचला नसताच तू. मग तिथे तुला सांगून मी काय केलं असतं? तुझे हाल, आणि बाकीच्यांच्या सहलीचा विचका. कंपनीचे मोठे साहेब होते. मी तुझ्या भल्याचंच बघितलं. तू काय केलं असतं, सांग बरं?"

"रडलो असतो."

"बोटीवर?"

"हो, बोटीवर. माझी माय मेली होती ना शेठ. मी बोटीवर रडलो असतो."

चहा आला. अमृतने कपाला हात लावला नाही.

"बरं, ते राहू द्या. तुम्ही पुनाभाऊला खोटं का सांगितलं? मी नको म्हणालो, असं का सांगितलं?"

"अरे, तो ठेवू का म्हणत होता. म्हातारीच्या मातीचे हाल कशाला? कोणीतरी निर्णय घ्यायला नको? तो तुझ्या नावाने घेतला इतकंच."

"मग आता एक करा. गावी चला आणि भाऊसमोर हेच सांगा."

"येतो ना. येतो एक दिवस."

तो दिवस आला नाही. अमृतने आठवण केली, परत केली. शेवटी शेठनी पुनाला फोन केला आणि म्हणाले, "थोडा गैरसमज झाला पुनाभाऊ. बोटीवर नेट नव्हतं. बोलण्यात घोटाळा झाला." पुनाने विचारलं, "मग तुमना फोन कसा लागना मले, दोनदाव?" शेठ म्हणाले, "तेच तर म्हणतो, नेट ये-जा करत होतं." आणि फोन ठेवला. पुनाला वाटलं, भावानेच शेठला हे बोलायला लावलं.

मग अमृत साक्रीला गेला, जितेंद्रकडे. जितेंद्रने त्याला दुकानाच्या मागच्या गोदामात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"सगळ्यांना माहीत होतं भाऊ," तो म्हणाला. "ग्रुपवर श्रद्धांजली यायला लागली होती. शेठनी सांगितलं, कोणी बोलायचं नाही, त्याला नेट द्यायचं नाही. माझ्याकडे होतं नेट. तू माझ्याकडे पण मागितलं होतंस, आठवतं? मी म्हटलं, बॅटरी गेली."

"हे तू पुनाभाऊसमोर बोलशील?"

जितेंद्र खताच्या गोण्यांकडे बघत राहिला. "मला शेठकडूनच माल घ्यायचा असतो रे."

अमृत परतीच्या एसटीत बसला तेव्हा जितेंद्र खिडकीखाली उभा होता. त्याला वाटत होतं अमृत शिवी देईल. अमृतने काच ओढून घेतली.

घरी कामिनीचं वेगळंच. ती आजीची लाडकी. ती बापावर रागावली नाही, तसं रागावली असती तर बरं झालं असतं. ती जळगावहून फोन करायची, जेवलात का विचारायची, ठेवून द्यायची. एकदा मात्र अमृत आपणहून म्हणाला, "तू म्हणालीस तसं दुसरं घ्यायला हवं होतं गं." मग ती म्हणाली, "पप्पा, मी तुम्हाला न विचारता पाठवायला हवं होतं. पण तुम्ही शेठशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकता का?" त्यानंतर दोघं या विषयावर बोलले नाहीत.

अमृतने त्या कंपनीचा माल ठेवणं बंद केलं. शेल्फ रिकामं केलं, पोस्टर फाडलं. पण पेरणीच्या तोंडावर लोकांना तेच बियाणं हवं असतं. दुकानात यायचे, विचारायचे आणि समोरच्या दुकानात जायचे. दोन आठवडे तो बघत राहिला. एके सकाळी मी शटर उघडलं तर त्याच्या दारात धुळ्याची गाडी उभी होती आणि हमाल पेट्या उतरवत होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

हे मात्र नंतरचं. त्याच्या आधी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात, पुरणाचं करतात, निखाऱ्यावर घास टाकतात. तानुबाईची घागर पुनाच्या घरी, म्हणजे तिच्याच घरी होती.

अमृतला आठ दिवस झोप नव्हती. जावं की नाही. ज्योती म्हणाली, "बोलावणं कसलं? आपलंच घर आहे." त्याच्या मनात होतं की आज सगळं स्वच्छ सांगायचं, जितेंद्रचं बोलणं, नेट कसं लपवलं ते, सगळं. गावाच्या वाटेवर तो वाक्यं जुळवत होता. ज्योतीला विचारत होता, "आधी हे सांगू की ते?"

पोचले तेव्हा घरात पाव्हणे होते, पुनाचे व्याही, गावातले दोन म्हातारे. अमृतने पुनाला मागच्या दारी गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पुना आंबे धूत होता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग हातातला आंबा टोपल्यात ठेवला.

"मानं मी," तो म्हणाला. "तुले कोन्ही सांगं नही. मानं. पन तुना फोन त्याना हातमा कसा गया?"

अमृतकडे उत्तर होतं. रोमिंग, विमानतळ, रांग, बिलाची भीती. पण त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

पुना टोपलं घेऊन आत गेला. घागरीपुढे तोच बसला, निखाऱ्यावर घास त्यानेच टाकला. अमृत भिंतीला टेकून उभा होता. धूर सरळ वर गेला, तेव्हा बायकांनी हात जोडले, त्यानेही जोडले.

जेवणाची पंगत मांडली. घरचे पुरुष वाढायला उभे राहिले, व्याही आणि म्हातारे पाटावर बसले. अमृतने सवयीने पाण्याचा तांब्या उचलला आणि वाढायला निघाला. सुमनबाईने तो हलकेच त्याच्या हातातून काढून घेतला. पुनाने व्याह्यांच्या शेजारी एक पाट टाकला, त्यासमोर ताट मांडलं, आणि धाकट्या भावाकडे बघून हात जोडल्यासारखं करत म्हणाला,

"या. बसा. पानी ल्या."

अमृत बसला. आमरसाची वाटी भरून आली, पुरणपोळीवर तूप आलं. पुना वाकून आग्रह करत होता, अजून एक घ्या, लाजू नका. अमृत खात राहिला.